ठिपक्यांचं माहेर

जळगावच्या पिंप्राळ्यात धुरपदाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि जिला त्यांनी माहेर विचारलं नाही अशी बाई सापडणं त्याहून कठीण. भाजीवाली डोक्यावरची टोपली उतरवते न उतरवते तोच विचारणा, "माहेर कोणतं गं तुझं?" रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला तेच. बँकेच्या खिडकीमागच्या मॅडमनाही एकदा तेच विचारलं, आणि मागे रांग खोळंबलेली असताना त्या मॅडम पासबुक बाजूला ठेवून सांगत बसल्या की माहेर रावेरकडचं, घरामागे केळीची बाग, आणि आई अजून आहे. गल्लीत म्हणायचे की दारात एखादी म्हैस येऊन उभी राहिली तर धुरपदाबाई आधी तिला पाणी दाखवतील आणि मग विचारतील, कोणत्या गोठ्यातली गं तू?

बरं, नुसतं नाव ऐकून समाधान नाही. कोणत्या फाट्याला उतरायचं, वाटेत नदी लागते का, भाऊ किती, भावजय कशी, हे सगळं झाल्याशिवाय समोरच्या बाईची सुटका नाही. ऐकताना यांची मान जराशी कलती व्हायची, डोळे बारीक व्हायचे, जणू त्या गावच्या वाटेला स्वतःच लागल्यात.

वय अठ्ठावन्नला टेकलेलं. ठेंगणी मूर्ती, कपाळावर हिरवं गोंदण, खांद्याला कायम औषधांची काळी पिशवी. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा समाधान सुरतेला कामाला. घरात एकट्याच. 'मायसावली' नावाच्या संस्थेत त्या नर्सबाई. संस्थेचं ऑफिस जळगावात, आणि कामाची गावं पारोळ्यापासून थेट धुळ्याच्या पुढपर्यंत, बेचाळीस. तीस वर्षं त्या गावांत गर्भार बायांच्या नोंदी घेणं, सुया टोचणं, बाळंतपणाला दवाखान्यात पोचवणं हेच चाललेलं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

दुसऱ्यांच्या माहेराची एवढी चौकशी करणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या माहेराविषयी मात्र गल्लीला एकाच वस्तूवरून कळायचं. ती वस्तू म्हणजे एक निळी प्रवासी बॅग.

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि चार दिवस कुणाची सून नसतात. पण त्याला एक रीत आहे. न्यायला कुणीतरी यावं लागतं. भाऊ येतो, नाहीतर भाचा येतो, ओट्यावर बसून पाणी पितो, आणि मगच लेक निघते. आपणच पिशवी उचलून गेलं तर लोक या-बसा म्हणतील, पण ते पाहुणीसारखं. धुरपदाबाईंचं माहेर कुंभारटेक, धुळ्याच्या पलीकडे पांझरा नदी ओलांडून आत. आई होती तोवर दर आखाजीला धाकटा भाऊ जीवराम न्यायला यायचा. आई गेली, आणि जीवरामचं येणं थांबलं. भांडण नाही, तंटा नाही. पहिल्या वर्षी काही अडचण निघाली, दुसऱ्या वर्षी वाटलं असेल की आता अक्काला सवय झाली. असं करत करत अकरा वर्षं झाली.

तरी दर वर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी ती निळी बॅग माळ्यावरून उतरायची, फडक्याने पुसून ओट्यावर उन्हात पडायची. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हवा लागायला ठेवलीय." सण झाला की बॅग परत माळ्यावर.

पलीकडच्या घरातल्या हसीनाबीला हे बघवायचं नाही आणि बोलल्याशिवाय राहवायचंही नाही. "बॅगेला तरी ऊन दाखवतेस, बरं करतेस," ती म्हणायची. हसीनाबीची तऱ्हाच उलटी. तिचं माहेर याच गल्लीत, चार दारं सोडून. लग्नात तिची पाठवणी निघाली ती बँडवाल्याचं गाणं अर्धं वाजेपर्यंत सासरी पोचलीसुद्धा. रडायला वेळच मिळाला नाही, ही तिची तीस वर्षांची तक्रार. भाऊ अन्वर सकाळी दात घासायला बाहेर आला तरी दिसतो, त्याची आठवण काढायची तरी कधी? "तुझ्याकडे आठवण आहे, माहेर नाही," ती धुरपदाबाईंना चिडवायची. "माझ्याकडे माहेर आहे, आठवण नाही. अदलाबदल करू का?"

यंदा होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, आणि जीवराम आला. ऊन डोक्यावर असताना त्याची मोटरसायकल गल्लीत शिरली. मागे दादर ज्वारीचं पोतं आणि पिशवीभर कैऱ्या. हसीनाबी त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होती, आणि तिला त्या दिवशी तेच तेच कपडे तीनदा झटकावे लागले, कारण दोन्ही घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे.

अक्काचा हात धरून जीवराम आधी घरचं-दारचं बोलला. मग गेल्या पावसाळ्यातली गोष्ट निघाली. गावातल्या एका पोरीला कळा सुरू झाल्या, गाडी मिळेना, शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निघाले आणि धुळं यायच्या आत ती बाळंत झाली. पोर वाचली, बाळ नाही. जीवराम खोटं बोलत नव्हता.

"अक्का, तुनी संस्थानी नवी गाडी येई ऱ्हायनी म्हने," तो मग म्हणाला. "ती आपला गावमा उभी ऱ्हायनी पाहिजे. तुना हातमा शे."

"मना हातमा काय शे, भाऊ? मी सुया टोचनारी बाई."

"तू सांगशी ते ऐकतीन. आखाजीले मी तुले लेवाले येसू. झोका बांधसूत. बठ्ठा गाव तुनं नाव काढी."

न्यायला येण्याचा असा शब्द देऊन, चहा पिऊन तो गेला. धुरपदाबाई दारात किती वेळ उभ्या होत्या ते हसीनाबी अजून सांगते, आणि दर वेळी पाच मिनिटं वाढवून सांगते. खरी गोष्ट एवढीच की त्या संध्याकाळी निळी बॅग माळ्यावरून उतरली. आखाजीला अजून महिना होता.

आता ती गाडी. संस्थेला एकच ॲम्ब्युलन्स मिळाली होती आणि गावं बेचाळीस. ती कुठे उभी करायची यावरून जो तो आपल्या गावाचं घोडं दामटत होता. संस्थेचे सेक्रेटरी हितेंद्रभाऊ हे ठिबकच्या नळ्यांचे व्यापारी. भिडस्त माणूस, कुणालाच नाही म्हणवत नाही. त्यांनी सुटका करून घेतली ती अशी, की निर्णय मी घेणार नाही, नकाशा घेईल. त्यासाठी त्यांनी मेघा नावाची एक पोरगी आणली. पहूरची, चोवीस वर्षांची, बोलायला कमी आणि हाताला चपळ. ऑफिसच्या भिंतीवर खाटेएवढा टीव्ही लागला, आणि एका सकाळी साऱ्या नर्सबायांना त्याच्यासमोर बसवलं.

टीव्हीवर बेचाळीस गावांचा नकाशा होता, आणि नकाशावर ठिपके. येत्या सहा महिन्यांत बाळंत होणाऱ्या एकशे अठरा बाया. एक बाई, एक ठिपका. कोपऱ्यात एक इवलीशी पांढरी गाडी. ती गाडी बोटाने ओढून कुठेही ठेवायची. ठेवली की जिथे अर्ध्या तासात पोचता येईल तिथले ठिपके हिरवे होणार, बाकीचे लाल. वर आकडा बदलत राहणार. मेघाने गाडी हायवेवरच्या दवाखान्यापाशी सोडली. शहाण्णव हिरवे, बावीस लाल. हितेंद्रभाऊंनी सुटकेचा श्वास टाकला. जागा ठरली म्हणायची.

"आणखी कुणाला हलवून बघायचंय?" मेघाने विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "हात लावा ना, ताई. भाजत नाही."

उठल्या त्या धुरपदाबाई. बोट पदराला पुसलं आणि गाडीवर ठेवलं. पहिल्या खेपेला बोट घसरलं, आणि मेघा शांतपणे म्हणाली, "ताई, गाडी पांझरेत गेली." खोली हसली. दुसऱ्या खेपेला त्यांनी ती जपून, डाव्या बाजूला, आतल्या अंगाला नेली आणि कुंभारटेकवर सोडली. नकाशाच्या अंगावर गोवर उठावा तसे ठिपके लाल झाले. चौतीस हिरवे, चौऱ्याऐंशी लाल.

"मन माहेरी धावलं वाटतं, अक्का," हितेंद्रभाऊ म्हणाले. चेष्टेतच म्हणाले, पण धुरपदाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण धावलं होतं ते मनच.

त्या परत फिरल्याही असत्या. पण जाता जाता चाळा म्हणून त्यांनी हायवेजवळच्या एका ठिपक्याला बोट लावलं, आणि त्याच्यातून चौकट उघडली. नौशीन, वय एकवीस, पहिली खेप, सहावा महिना, गाव अमुक. धुरपदाबाईंची मान कलती झाली.

"ही तिथं नसणार," त्या म्हणाल्या.

मेघाला वाटलं यादी चुकली. तिने यादी काढून दाखवली. नाव, गाव, सगळं बरोबर होतं.

"यादी बरोबर असेल, पोरी. पण ही पहिलटकरीण आहे. सातवा लागला की बाप येऊन घेऊन जाईल. बाळंत व्हायच्या वेळी ती सासरी कशाला राहील?"

"मग कुठे असेल?"

"कुठे म्हणजे? माहेरी. रायखेड्याला."

खोलीत सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीला हे ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे इतकं, की सांगायची गोष्ट आहे असंच वाटलं नव्हतं. नोंदीच्या कागदावर 'गाव' असं छापलेलं, आणि लग्न झालेल्या बाईचं गाव म्हणजे सासर. तीस वर्षं सगळ्यांनी तेच लिहिलं. पाचेक वर्षांपूर्वी एका नव्या सुनेने त्या रकान्यात माहेर सांगितलं, तेव्हा धुरपदाबाईंनीच तिला दटावलं होतं, "आता तुझं गाव हे." त्या पोरीने मान खाली घालून 'हो' म्हटलेलं त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मेघाने गाडी कोपऱ्यात नेऊन ठेवली. "ताई, मला सगळ्यांची माहेरं पाहिजेत," ती म्हणाली.

तीस वर्षांत धुरपदाबाईंकडे असं काही कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. वही नाही, कागद नाही. ही अमक्याची सून, माहेर तमकं, फाट्यापासून आत इतकं, बाप नाही, भाऊ नेतो. साठ-सत्तर नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली. मेघाने सगळी लिहून घेतली आणि म्हणाली की पाठांतर पक्कं आहे, पण प्रत्येकीला फोन करून खात्री करू. धुरपदाबाईंना आधी राग आला. मग बरंही वाटलं, की पोरगी कच्च्या कानाची नाही.

आठ दिवस फोन चालले. मेघा नुसते प्रश्न विचारायची: बाळंतपण कुठे, कधी जाणार, कधी परतणार. धुरपदाबाई शेजारी बसून ऐकायच्या, आणि त्यांना एक गोष्ट दर वेळी ऐकू यायची. फोन उचलणारा आवाज सुनेचा असायचा, हळू, दबका. माहेरचं गाव विचारलं की तोच आवाज मोकळा व्हायचा, आणि मागून सासूचं खाकरणं ऐकू आलं की परत मिटायचा. एकीने तर विचारलं, "म्हणजे तुम्ही न्यायला येणार का?" मेघाने धुरपदाबाईंकडे बघितलं. धुरपदाबाईंनी फोन हातात घेतला, आणि न्यायला तुझा भाऊच येईल, आम्ही फक्त पत्ता लिहून घेतोय, असं सांगून ठेवला. त्यानंतर त्या पाणी प्यायला म्हणून उठल्या त्या लवकर आल्या नाहीत.

नवव्या दिवशी मेघाने नकाशाखाली महिन्यांची एक पट्टी लावली. बोटाने पट्टी सरकवली की महिना पुढे जाणार, आणि ज्या महिन्यात जी बाई जिथे असेल तिथे तिचा ठिपका जाणार. धुरपदाबाईंनी पट्टी चैत्रावरून वैशाखावर नेली. आखाजी आली. रस्त्याकडच्या गावांतून एकेक ठिपका सुटा झाला आणि आत, टेकड्यांकडे, नदीपलीकडे, ज्याच्या त्याच्या वाटेने चालू लागला. आतल्या गावांच्या लेकी रस्त्यावरच्या गावांत दिलेल्या. कोणता बाप मुलगी आणखी आत देईल? त्यामुळे सुना रस्त्यावर आणि बाळंतपणं आत, असा सगळा प्रकार होता, आणि गाडी उभी राहायची होती रस्त्यावर.

त्यांनी पट्टी मागे आणली. ठिपके निमूट सासरी आले. परत पुढे नेली. ठिपके निघाले. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. मेघाला वाटलं, बाई तपासून बघतायत.

दुसरी बैठक भरली तेव्हा सुरतेकडे, नाशिककडे दिलेल्या पण बाळंतपणाला इकडे येणाऱ्या लेकीही धरून ठिपके एकशे सव्वीस झाले होते. हायवेवरच्या दवाखान्यापाशी गाडी ठेवली तर अर्ध्या तासाच्या आत आता फक्त अठ्ठावन्न. मेघाने ती आत ओढली. रायखेडे फाट्यावर ब्याण्णव. तिथून आणखी आत, कुंभारटेकवर, त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी. पंधरा दिवसांपूर्वी जिथे गोवर उठला होता, तिथे आता एवढी हिरवळ. धुरपदाबाई खुर्चीच्या कडेवर आल्या.

हितेंद्रभाऊंनी ते बघितलं. माणूस भिडस्त असला तरी आंधळा नव्हता, आणि जीवरामचा फोन त्यांनाही आलेला होता. ते म्हणाले की ब्याण्णव आणि त्र्याऐंशीत असा फरक तो किती, नऊ. आणि ही सगळी अक्कांचीच करामत. त्यांनी माहेरं सांगितली नसती तर गाडी हायवेवर गंजत पडली असती. अक्का दोन महिन्यांनी निवृत्त होतात. तर संस्थेकडून निरोपाची भेट म्हणून गाडी त्यांच्या माहेरी उभी करू. कुणाची हरकत?

कुणाचीच नव्हती. दोघी-तिघींनी टाळ्याही वाजवल्या. मेघाने तेवढं विचारलं, "ताई, तिकडच्या रस्त्याची काही अडचण आहे का? नकाशात तर डांबरी दिसतोय."

त्या खोलीत कुंभारटेकचा रस्ता पायाखाली घातलेलं माणूस एकच होतं, आणि ते गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

रस्ता डांबरी होता, खरंच. पण गावाच्या अलीकडे नाला आहे. श्रावणात त्याला पूर आला की फरशी, म्हणजे त्याच्यावरचा बुटका पूल, बुडते आणि कधी दोन-दोन दिवस वाट बंद. नवं लग्न झालं तेव्हा धुरपदाबाई या नाल्यावर जीव टाकायच्या. राखीला माहेरी गेलं आणि सासरचं बोलावणं आलं की त्या दारात उभ्या राहून आभाळ बघायच्या. नाला आला की आई म्हणायची, "आता कशी जाशी? ऱ्हाय दोन दिन." त्या दोन दिवसांची भाकरी आणि मिरचीचा ठेचा अजून जिभेवर होता. साऱ्या आयुष्यात कुणी त्यांना 'थांब' म्हटलं असेल तर ते त्या नाल्याने.

"मेघा," त्या म्हणाल्या, "पावसाची पट्टी लावता येते का गं?"

येत होती. धुरपदाबाई उठल्या, नकाशावर बोटाने नाल्याची जागा दाखवली. मेघाने तिथे रेघ ओढली आणि पट्टी श्रावणावर नेली. गाडी नाल्याच्या पलीकडे अडकली. गावातले चार ठिपके तेवढे हिरवे राहिले, बाकी अख्खा नकाशा लाल झाला. मग मेघाने गाडी फाट्यावर आणून ठेवली. अठ्ठ्याऐंशी हिरवे, कुंभारटेकचे चार लाल.

हितेंद्रभाऊ म्हणाले, "अक्का, विचार करा. रोज थोडाच पूर येतो?"

"बाळंतपण तरी पूर बघून येतं का, भाऊ?" धुरपदाबाई म्हणाल्या. "फाट्यावर ठेवा. अन् माझ्या गावच्या त्या चौघींना नाला यायच्या आधीच दवाखान्यात आणून ठेवायचं, हे लिहा. नुसतं बोलू नका, लिहा."

त्यांनी पांढऱ्या गाडीवर बोट ठेवून तिला अगदी फाट्याच्या मधोमध सरकवलं, आणि बोट जरा वेळ तिथेच राहू दिलं. बोट या खेपेला घसरलं नाही. मग त्या खाली बसल्या आणि काळ्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. बराच वेळ शोधत होत्या. पिशवीत त्या दिवशी काहीच नव्हतं, हे नंतर मेघाने सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच जीवरामला फोन लावला. कुठूनतरी कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. गाडी फाट्यावर राहणार, फाट्यावरून गावात यायला चोवीस मिनिटं, पावसाळ्यासाठी वेगळी सोय केलीय, असं सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं 'हं' येत राहिलं. शेवटी जीवराम म्हणाला की गाडी गावातच येणार असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आखाजीला पाच दिवस उरले असताना त्याचा फोन आला. "अक्का, औंदा ऱ्हाऊ दे. लोक बोलतस. पुढला साले देखसूत."

"बरं भाऊ," धुरपदाबाई म्हणाल्या. "जेवना का तू?"

आखाजीच्या दिवशी जळगाव भट्टीसारखं तापलं होतं. दुपारी गल्लीत कुत्रंही नव्हतं. निळी बॅग महिनाभर उन्हात पडून एका बाजूने फिकी झालेली, आणि अजून ओट्यावरच होती. धुरपदाबाई पंख्याखाली बसल्या होत्या. मेघाने नकाशा त्यांच्या फोनमध्येही घालून दिलेला. त्यांनी चष्मा लावला आणि तो उघडला. कोपऱ्यात 'नवी नोंद' असं होतं. एका बोटाने त्या सावकाश टाईप करू लागल्या. नाव, धुरपदाबाई. वय, अठ्ठावन्न. सासर, पिंप्राळा. माहेरच्या रकान्यात कुंभारटेक लिहिताना अनुस्वार लागेना, तोही लावला. मग पुढचा रकाना आला, बाळंतपणाची तारीख. तो भरल्याशिवाय ठिपका उमटत नाही.

तीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती, आणि दुसऱ्या कुणी केलेली दिसली तर खोडायला लावली होती. त्यांनी लिहिलेलं एकेक अक्षर पुसून टाकलं. सहज म्हणून नकाशा सरकवत पिंप्राळ्यावर आणला आणि बोट लावलं. फोन म्हणाला, ही जागा क्षेत्राबाहेर आहे.

त्यांनी तो परत मागे नेला आणि महिन्यांची पट्टी धरली. चैत्र, वैशाख. चैत्र, वैशाख.

"येतेस का माझ्या माहेरी?" दारातून हसीनाबी म्हणाली. डोक्यावर ओला टॉवेल, हातात कैरीच्या पन्ह्याचा तांब्या. "मी न्यायला आलेय, बघ. पाणी दे, रीतीप्रमाणे बसते, मग निघू."

धुरपदाबाईंनी फोन बाजूला ठेवला. उठून पाणी दिलं. हसीनाबी ओट्यावर बसून ते सावकाश प्यायली, भावाने प्यावं तसं, आणि मग तिने निळी बॅग उचलली. बॅगेत एक लुगडं आणि सांजोऱ्यांचा डबा होता. चार दारं ओलांडायला अर्धं मिनिट लागलं, पण तेवढ्यात तीन खिडक्या उघडल्या. "कुठं निघाल्या, अक्का?" असं एकीने विचारलंच. "माहेरी," हसीनाबी म्हणाली, "गाडी चुकेल, अडवू नका."

अन्वरच्या घरात त्याच्या नव्या सुनेने दार उघडलं. माहेनूर तिचं नाव. लग्नाला चार महिने झालेले, अजून घरातल्या कोणत्या भांड्याला हात लावावा आणि कोणत्या नाही या विचारात वावरणारी. तिने डोक्यावरून ओढणी सारखी केली, बॅग घेतली, आणि ती दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याशी उभी राहिली.

धुरपदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मान कलती झाली.

"माहेर कोणतं गं तुझं?"

"पाचोरा," माहेनूर म्हणाली. आवाज आधी सुनेचाच होता. "पण स्टेशनाजवळ नाही. पलीकडे."

"पलीकडे म्हणजे? मी स्टेशनावर उतरले असं धर."

माहेनूरने मागे स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. तिथे सासू नव्हती. मग ती तिथेच उंबऱ्याशी, बॅग मांडीवर घेऊन बसली आणि सांगू लागली. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला चहाची टपरी, तिथून सरळ, मग एक चिंच लागते. चिंचेखाली तिचा भाऊ सायकली दुरुस्त करतो.

"बरं," धुरपदाबाई भिंतीला टेकत म्हणाल्या. "चिंचेपाशी आले मी. आता कुठं वळू?"